वाचकांचे प्रश्न: पक्ष्यांत नर मोठा की मादी?

या वेळच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला आहे: जोडीतला एक पक्षी थोराड आणि दुसरा लहानखुरा का? शिक्र्यापासून ब्रॉयलरपर्यंत सगळ्यांबद्दल विचारणा आहे. उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुढे बहुतेक ठिकाणी लागेल. नर मोठा की मादी, हे त्या जातीत कोण कशासाठी झगडतं आणि घरट्याची कामं कुणाच्या वाट्याला येतात, यावर ठरतं. ‘मोठा तो नर’ ही समजूत पक्ष्यांच्या बाबतीत वारंवार फसते.

प्रश्न: आमच्या सोसायटीतल्या रेन ट्रीवर शिक्र्याचं घरटं आहे. एक पक्षी चांगला दणकट आहे, दुसरा बराच लहान. लहान पक्षी सरडे, चिमण्या आणून देतो आणि मोठा घरट्याजवळ बसून राहतो. लहान म्हणजे गेल्या वर्षीचं पिल्लू आईबापाला मदत करतंय का? (पुणे)

उत्तर: तो लहान पक्षी बाप आहे आणि घरट्याजवळची मोठी ती आई. खात्री करायची असेल तर दुर्बिणीतून आधी छाती बघा. पहिल्या वर्षाच्या शिक्र्याच्या छातीवर तपकिरी थेंब किंवा उभ्या तुटक रेघा असतात. प्रौढाच्या छातीवर बारीक, तांबूस, आडवे पट्टे असतात. आडवे पट्टे दिसले की पिल्लाचा प्रश्न मिटला. मग डोळा बघा. प्रौढ नराचा डोळा गडद लाल आणि पाठ निळसर राखाडी असते. मादीचा डोळा पिवळा ते नारिंगी आणि पाठीवर तपकिरी झाक असते. सकाळच्या तिरप्या उन्हात नारिंगी डोळाही लाल भासतो, म्हणून डोळ्याचा रंग सावलीत पक्षी बसलेला असताना ठरवावा.

शिकारी पक्ष्यांत मादी मोठी असणं हाच रिवाज आहे. बहिरी ससाण्याचा नर मादीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने लहान असतो. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या युरेशियन स्पॅरोहॉकमध्ये नराचं वजन ११० ते १९६ ग्रॅम आणि मादीचं १८५ ते ३४२ ग्रॅम भरतं. बहुतेक घुबडांतही मादीच मोठी. शिकारीसाठी पक्षी पाळणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं आणि ते दोघांना वेगळ्या नावांनी ओळखत: बाज मादी आणि जुर्रा नर, लग्गड मादी आणि झग्गड नर.

कारण कामाच्या वाटणीत आहे. अंडी घातल्यापासून पिल्लं अंग धरेपर्यंत मादी घरटं फारसं सोडत नाही. त्या काळात तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या शिकारीवर चालतं. पाठलाग करताना हलका पक्षी झाडांतून झटकन वळू शकतो, त्याला स्वतःला अन्न कमी लागतं, आणि म्हणून आणलेल्यातलं जास्त घरट्यापर्यंत पोचतं. त्याच वेळी घरट्यावर बसणारीला अंगात साठा लागतो, थंडीवाऱ्यात पिल्लांना पांघरायला अंग मोठं लागतं, आणि कावळा चालून आला तर त्याला हुसकावण्याची ताकद लागते. आकारांमुळे भक्ष्यही वाटलं जातं. स्पॅरोहॉकचा नर चिमणीसारखे, फार तर १२० ग्रॅमपर्यंतचे पक्षी धरतो, तर मादी अर्ध्या किलोपेक्षा जड रानकबुतरही लोळवते. पिल्लं मोठी होऊन त्यांची भूक वाढली की तीही शिकारीला निघते.

मादी अंड्यांसाठी मोठी झाली की नर चपळाईसाठी लहान झाला, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे. अंडी तर गिधाडंही घालतात, पण त्यांच्या नर-मादीत आकाराचा फरक जवळपास नाहीच, कारण मेलेलं जनावर पळत नाही. उडते पक्षी धरणाऱ्या जातींत हा फरक सगळ्यात जास्त असतो, उंदीर-सरड्यांवर जगणाऱ्यांत त्याहून कमी. भक्ष्याच्या चपळाईबरोबर फरक वाढत जातो, हा योगायोग वाटत नाही.

तुमच्या सोसायटीसाठी यातून एक काम निघतं. नर सहसा थेट घरट्यावर उतरत नाही. जवळच्या ठरावीक फांदीवर येऊन हाक देतो, मादी तिथे जाऊन शिकार ताब्यात घेते, पिसं उपटते आणि मग घरट्यात नेते. खाली पिसांचा सडा पडतो ती हीच फांदी. मार्च ते जून या काळात ती फांदी किंवा घरट्यासमोरच्या फांद्या छाटू देऊ नका. उबवणीच्या काळात नराचं येणं थांबलं तर मादीला उपाशी बसावं लागतं किंवा अंडी सोडून शिकारीला जावं लागतं, आणि घरटं बहुधा वाया जातं. मादी थोडा वेळ उठून गेली म्हणून पिल्लं पोरकी झाली, असं समजून शिडी लावू नका.

प्रश्न: शिक्र्याच्या घरट्यात तीन पिल्लं आहेत. दोन मोठी, एक लहान. लहान पिल्लू नर समजायचं की उपासमारीने खुरटलेलं? (नाशिक)

उत्तर: नुसता आकार बघून सांगता येत नाही, पिसं बघावी लागतात. अशा जातींत नर पिल्लू वजनाने कमी, पण वाढीत पुढे असतं. त्याला पिसं लवकर फुटतात आणि ते घरटंही बहिणींच्या आधी सोडतं. मोठ्या बहिणींच्या गर्दीत तो तगतो तो याच जोरावर. तेव्हा पंखांच्या आणि शेपटीच्या पिसांची तुलना करा. लहान पिल्लाची पिसं इतरांइतकी किंवा जास्त बाहेर आली असतील, ते उभं राहून पंख फडफडवत असेल, तर तो नर. अंगावर अजून पांढरी लव आणि पिसांच्या नुसत्या कोंबासारख्या नळ्या असतील, तर ते उशिरा फुटलेल्या अंड्यातलं आहे. पाय दिसत असतील तर आणखी एक खूण मिळते: मादी पिल्लाची नडगी ठळकपणे जाड असते. हे सगळं शेजारच्या गच्चीवरून दुर्बिणीने दिसतं, त्यासाठी झाडावर चढायची गरज नाही.

प्रश्न: माळढोकाचा नर मादीच्या दुप्पट आणि तणमोराचा नर मात्र मादीपेक्षा लहान, असं वाचलं. दोघेही एकाच कुळातले, दोघेही माळरानावरचे. मग असं उलटं कसं? (वाशीम)

उत्तर: वाचलं ते बरोबर आहे, आणि एवढी समोरासमोर ठेवण्यासारखी उदाहरणं आपल्याच राज्याच्या माळांवरची आहेत. माळढोकाचा नर साधारण ८ ते १४.५ किलोचा, मादी ३.५ ते ६.७५ किलोची. युरोप-आशियातल्या त्यांच्या भाऊबंदात, ग्रेट बस्टर्डमध्ये, नर मादीच्या सुमारे अडीचपट जड असतो. उलट तणमोराचा नर ४५ सेंटिमीटर आणि मादी ५१ सेंटिमीटर.

दोन्ही जातींत नर घरट्याच्या कामाला हातही लावत नाही. अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं पूर्ण मादीकडे. म्हणजे शिक्र्यासारखी कामाची वाटणी इथे कारण होऊ शकत नाही. फरक पडतो तो मादीला आकर्षून घेण्याच्या पद्धतीमुळे.

माळढोकाचा नर हे काम जमिनीवर उभा राहून करतो. उंचवट्यावर येतो, शेपटी पाठीवर उलटी घेतो, गळ्याची पिशवी फुगवून पार पायांपर्यंत लोंबती सोडतो आणि खोल घुमणारा आवाज काढतो. इथे अंग जितकं मोठं, तितका तो लांबून दिसतो आणि प्रतिस्पर्धी नराला मागे रेटायची ताकद तितकी जास्त. जमिनीवरच्या या चढाओढीत वजन वाढवण्याचा तोटा त्या क्षणी काही नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जड नरांची संतती वाढत गेली. मादीला या शर्यतीत उतरायचं नसतं. तिला उडता येईल, लपता येईल आणि बहुधा एकच असणारं अंडं निगुतीने उबवता येईल, एवढंच अंग पुरतं.

तणमोराचा नर उडी मारतो. पावसाळ्यात गवत गुडघ्याच्या वर गेलं की जमिनीवर उभा असलेला नर दिसणारच नाही. मग तो गवतातून सरळ वर, दीड-दोन मीटर उसळतो, हवेत पंख फडफडवत टरटर आवाज करतो, डोक्यामागच्या फितीसारख्या पिसांसह क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. ही उडी एकदा-दोनदा मारून भागत नाही. भर हंगामात एक नर दिवसाला ५०० पर्यंत उड्या मारू शकतो. प्रत्येक उडीत अख्खं अंग वर उचलायचं असतं, आणि अंग जितकं जड तितकी त्याच उंचीसाठी ताकद जास्त खर्च होते. जड नर लवकर थकेल आणि कमी वेळा दिसेल. मादी ज्या नराला निवडते तो सतत उसळणारा असतो, म्हणजे पर्यायाने हलका. मादीवर ही बंधनं नाहीत. तिला तीन-चार अंड्यांचा भार पेलायचा आहे, म्हणून ती मोठीच राहिली.

बर्नहार्ड रेन्श या जर्मन जीवशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक नियमही या कुळात छान दिसतो. जवळच्या जातींच्या एखाद्या गटात नर मोठा असेल, तर जात जितकी मोठी तितका नर-मादीतला फरक वाढतो. मादी मोठी असेल, तर जात मोठी होत जाईल तसा फरक घटतो. माळढोकाच्या कुळात मोठ्या जातींत नर खूप मोठे आणि लहान तणमोरात मादी मोठी, हे त्याच्याशी जुळतं.

मोठं अंग फुकट मिळत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. नर पिल्लाला वाढायला जास्त अन्न लागतं, त्यामुळे दुष्काळी वर्षात त्याच्यावर आधी गदा येते. उडताना जड पक्षी पटकन वळू शकत नाही. माळढोक विजेच्या तारांवर आदळून मरतात त्यामागे त्यांची समोरची मर्यादित नजर आणि हे वजन, दोन्ही आहेत. माळावरून तारा नेताना त्या जमिनीखालून न्या, ही मागणी पक्ष्याच्या देहरचनेतून आलेली आहे आणि ती पुढे रेटत राहायला हवी.

प्रश्न: पुस्तकात मोराची लांबी दोन मीटरहून जास्त आणि लांडोरीची एक मीटरच्या आत दिली आहे. मोर खरंच लांडोरीच्या दुप्पट मोठा असतो का? (जेजुरी)

उत्तर: नाही. लांबी चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात आणि मोराच्या बाबतीत त्यात पिसारा धरला जातो. पिसारा ही शेपटी नव्हेच, शेपटीवर झाकण म्हणून येणारी पिसं लांब वाढलेली असतात. खरी शेपटी त्यामागे आधाराला असते. पिसारा सोडून मोजलं तर मोर १०० ते ११५ सेंटिमीटर आणि लांडोर सुमारे ९५ सेंटिमीटर. वजनात मोर ४ ते ६ किलो, लांडोर पावणेतीन ते ४ किलो. पावसाळा सरताना पिसारा गळतो, तेव्हा बिनपिसाऱ्याच्या मोराला लोक लांडोर म्हणतात. मान बघा: मोराची झळाळती निळी, लांडोरीची हिरवट.

याच पत्रात ‘लांबीत थोडासा फरक आणि वजनात दुप्पट, ही छपाईची चूक का?’ असंही विचारलं आहे. ती चूक नाही. पक्षी लांबीबरोबर रुंदीत आणि जाडीतही वाढतो, म्हणून वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. लांबी १० टक्के जास्त असेल तर वजन १.१ × १.१ × १.१, म्हणजे ३३ टक्के जास्त. लांबी २५ टक्के जास्त असेल तर वजन जवळपास दुप्पट. म्हणून दोन पुस्तकांतले आकडे ताडून बघताना लांबीची लांबीशी आणि वजनाची वजनाशीच तुलना करा.

नुसत्या वजनावरही फार विसंबू नये. एकाच पक्ष्याचं वजन सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त भरतं, स्थलांतराच्या आधी चरबीने वाढतं, आणि अंडं पोटात असलेली मादी काही दिवस खोटीच जड दिसते. त्यामुळे पक्ष्यांना कडी घालणारे अभ्यासक वजनासोबत मिटलेल्या पंखाची लांबी टोकाला आडपट्टी असलेल्या पट्टीने मोजतात आणि नडगीचं हाड व्हर्नियर कॅलिपरने. हाड उपाशीपोटी बारीक होत नाही, हा त्याचा फायदा. पंखाच्या मापात मात्र झिजलेली किंवा अर्धवट वाढलेली पिसं घोटाळा करतात, म्हणून पीसगळतीचा टप्पा शेजारी लिहून ठेवतात. हे काम परवानगीशिवाय करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानपक्षी पकडणं गुन्हा आहे.

फोटोवरून तुलना करायची असेल तर दोन्ही पक्षी एकाच फांदीवर, कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणि पूर्ण बाजूने दिसणारे हवेत. पंखाच्या बाकापासून टोकापर्यंतचं अंतर दोघांचं मोजा. अंगाच्या फुगीरपणावर जाऊ नका, गारठ्यात पिसं फुलवलेला नर मादीपेक्षा गलेलठ्ठ दिसतो. पाच-सात टक्क्यांच्या आतला फरक अशा मापात धरू नये.

प्रश्न: आमच्या गावतळ्यात कमळपक्ष्याची जोडी आहे. लहान पक्षी एकटाच अंड्यांवर बसतो. मोठा पक्षी दिवसभर दुसऱ्या मोठ्या पक्ष्याशी मारामाऱ्या करतो. मोठा पक्षी अंड्यांना त्रास देईल का? (भंडारा)

उत्तर: मोठा पक्षी ही त्या अंड्यांची आई आहे, तिच्याकडून धोका नाही. कमळपक्ष्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराचं काम. मादी पाणवनस्पतींच्या तरंगत्या पानांवर चार अंडी घालते, नराच्या हवाली करते आणि दुसऱ्या नराकडे वळते. एका हंगामात ती अशी अनेक वेळा, दहापर्यंत, अंडी घालू शकते. एकेका घरट्याला सुमारे चार आठवडे नर अडकून पडतो, त्यामुळे मोकळे नर कमी आणि त्यांच्यासाठी झगडणाऱ्या माद्या जास्त, असा मामला होतो. माळढोकात नरांची जी कुस्ती चालते, ती इथे माद्यांमध्ये चालते आणि म्हणून इथे मादीचं अंग वाढलं. तिचं वजन नरापेक्षा बरंच जास्त असतं. दोघांनाही हंगामात लांब शेपटी येते, त्यामुळे शेपटीवरून ओळखू नका.

धोका असलाच तर बाहेरच्या मादीकडून. याच कुळातल्या दक्षिण अमेरिकेतल्या एका जातीत, तळ्याचा तुकडा बळकावणारी नवी मादी आधीची अंडी-पिल्लं नष्ट करते, म्हणजे नर तिच्यासाठी मोकळा होतो. तुमच्याकडे जास्त भीती पाण्याच्या चढउताराची आहे. पाणी हललं तर नर अंडी चोच आणि छातीच्या मधे धरून दुसऱ्या पानावर सरकवतो. मात्र शिंगाड्याच्या किंवा कमळाच्या काढणीत सगळी पानं एकदम ओढली तर त्याला जागाच उरत नाही. गावाशी बोलून घरट्याभोवतीचा पट्टा महिनाभर सोडायला सांगा.

भाताच्या बांधाजवळ दिसणाऱ्या पाणलाव्यातही हेच: मादी मोठी आणि रंगीत, अंड्यांवर नर.

प्रश्न: धनेशाचा नरही ढोलीत कोंडून घेतलेल्या मादीला महिनोन्‌महिने भरवतो. मग शिक्र्यासारखा तोही लहान का नाही? (दोडामार्ग)

उत्तर: चांगला प्रश्न आहे. फळ पळून जात नाही, हे त्याचं उत्तर. उंबर, वड, पिंपळाची फळं गोळा करायला झटक्यात वळायची गरज नसते. गरज असते ती एका खेपेत भरपूर फळं गळ्यात साठवून लांबवर उडत यायची आणि त्याला मोठं अंग सोयीचंच पडतं. शिवाय मोठ्या धनेशाचे नर हवेत शिंगाला शिंग आपटून झुंजतात. तरी फरक बेताचा आहे: नर २.६ ते ३.४ किलो, मादी २.२ ते ३.३ किलोच्या आसपास. एवढ्यावरून रानात ओळखू जाल तर फसाल. डोळा बघा, नराचा लाल आणि मादीचा पांढरट असतो.

प्रश्न: सारसाच्या जोडीत नर कोणता? (गोंदिया)

उत्तर: दोघं शेजारी असतील तर किंचित उंच तो नर, पण मान वाकवलेली असली की हे निरुपयोगी. दोघं मिळून साद घालतात तेव्हा बघा. नर पंख पाठीवर उचलतो, मादी मिटलेलेच ठेवते. नराच्या एका हाकेला मादीच्या दोन आखूड हाका येतात. सारस जन्मभर एका जोडीदारासोबत राहतात आणि दोघंही उबवतात, म्हणून मोठा फरक पडण्यासारखी चढाओढच त्यांच्यात नाही.

प्रश्न: मोठा पोपट नर आणि छोटा पोपट मादी, असं सांगून पक्षी विकतात. खरं काय? (कोल्हापूर)

उत्तर: ही बहुधा दोन वेगळ्या जातींची पिल्लं असतात. आपला साधा पोपट ४० सेंटिमीटरच्या आसपास. पहाडी पोपट ५५-६० सेंटिमीटरचा आणि त्याच्या खांद्यावर तांबडा डाग असतो. दोन्ही जातींत गळ्याचा काळा-गुलाबी गोफ फक्त प्रौढ नराला येतो, आणि तोही दोन-तीन वर्षांचा झाल्यावर, त्यामुळे पिल्लात काही कळत नाही. मुख्य म्हणजे देशी पोपट विकणं आणि पाळणं दोन्ही बेकायदा आहे. असा व्यवहार दिसला तर वनविभागाला कळवा.

कॉकेटिल किंवा लव्हबर्डसारखे परदेशी पक्षी पाळणाऱ्यांनी आकारावर न जाता डीएनए चाचणी करावी. पक्ष्यांत मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, नराकडे दोन्ही झेड. चाचणीत मादीच्या नमुन्याला दोन पट्टे येतात, नराच्या एक. छातीची चार-पाच पिसं मुळासकट, ताजी उपटून कोऱ्या कागदी पाकिटात द्यावी. पिंजऱ्याच्या तळाची गळलेली पिसं देऊ नयेत. त्यांच्या मुळाशी पेशी फार कमी उरतात आणि ती शेजारच्या पक्ष्याची असण्याचीही शक्यता असते. निकाल चुकतो तो बहुतेक वेळा इथेच.

प्रश्न: ब्रॉयलरच्या बॅचमध्ये वजनात फार तफावत येते. डॉक्टर म्हणतात नर-मादीचा फरक आहे, कंपनीचा सुपरवायझर म्हणतो व्यवस्थापन चुकतंय. कसं ओळखावं? (संगमनेर)

उत्तर: दोघांचंही खरं असू शकतं आणि ते ताटकाट्यावर वेगळं करता येतं. ४२ दिवसांच्या वयाला ब्रॉयलर नर मादीपेक्षा साधारण १५ टक्के जड असतो. मिश्र बॅचमध्ये एवढी तफावत येणारच.

शेडमधल्या तीन जागा निवडा: दाराजवळ, मध्यभागी आणि शेवटच्या टोकाला. प्रत्येक जागी जाळीच्या कड्यात ३०-४० पक्षी घेरा. कड्यात आलेला प्रत्येक पक्षी मोजा, हाताला येतील ते जड पक्षी उचलू नका. दहा-दहा पक्षी एकत्र टांगून सरासरी काढली तर तफावत दिसतच नाही, म्हणून एकेकाचं वजन लिहा. तुरा आणि पाय बघून शेजारी न किंवा म लिहा. पाचव्या आठवड्यात नराचा तुरा लाल व उभा आणि पाय जाड असतात. मग ५०-५० ग्रॅमचे गट पाडून प्रत्येक गटात किती पक्षी ते मांडा. दोन वेगळे उंचवटे आले, एक नरांचा आणि एक माद्यांचा, तर डॉक्टर बरोबर. पण एकट्या नरांच्या किंवा एकट्या माद्यांच्या यादीतही हलक्या पक्ष्यांची लांब रांग लागली, तर दोष शेडमध्ये आहे. एका लिंगाच्या तुकडीत सीव्ही (वजनं सरासरीपासून किती टक्के विखुरली आहेत, त्याचं माप) ८ ते १० टक्क्यांच्या वर गेला की शोध सुरू करा.

आधी निपल लाइन, म्हणजे पक्षी चोचीने दाबून पाणी पितात ती तोट्यांची नळी, तपासा. ती मोठ्या नरांच्या उंचीला लावलेली असते आणि मादीला चवड्यांवर उभं राहावं लागतं. पाणी कमी मिळालं की खाणं कमी होतं आणि मूळचा १५ टक्क्यांचा फरक आणखी वाढतो. लहान पक्ष्याचे तळवे जमिनीला टेकलेले राहून मान वर ताणून पाणी मिळालं पाहिजे. खाद्याच्या भांड्याचा काठ सरासरी पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत ठेवा. दाराजवळचे पक्षी हलके आणि मधले जड निघाले, तर पहिल्या आठवड्यात दाराकडून गार वारा लागला होता, असं समजा.

पिल्लं पहिल्याच दिवशी वेगळी करायची असतील तर पंख पसरून बघतात. वर आणि खाली अशा पिसांच्या दोन रांगा असतात. मादीच्या पंखात खालची रांग वरच्यापेक्षा स्पष्ट लांब असते, नरात दोन्ही सारख्या किंवा वरचीच लांब. ही खूण त्यासाठी तयार केलेल्या संकरातच चालते, सगळ्या पिल्लांत नाही, म्हणून हॅचरीला आधी विचारा. शिवाय पहिल्या एक-दोन दिवसांनंतर ती पुसट होते.

प्रश्न: जपानी लाव्याचे पक्षी तीन आठवड्यांचे झाल्यावर लहान राहिलेले काढून विकले. आता अंडी भरपूर मिळतात, पण उबवणीला लावलेल्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. खाद्यात कमतरता आहे का? (अहमदपूर)

उत्तर: खाद्याकडे बघण्याआधी नर मोजा. जपानी लाव्यात मादी मोठी असते: अंड्यांच्या जातीत नर १०० ते १४० ग्रॅम, मादी १२० ते १६० ग्रॅम. तिचं अंडं १० ग्रॅमचं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के. कोंबडीत हेच प्रमाण तीन-चार टक्के असतं. एवढं अंडं जवळपास रोज घालायचं तर अंडाशय आणि अंडनलिकेचाच बोजा मोठा होतो. तुम्ही लहान म्हणून काढलेल्यांत नरच जास्त गेले असणार. नर नसले तरी माद्या अंडी घालत राहतात, फक्त ती वांझ असतात. सातव्या-आठव्या दिवशी अंडी दिव्यासमोर धरा. लाव्याच्या कवचावर डाग असतात, त्यामुळे झोत तेजस्वी आणि खोली अंधारी हवी. सगळी आरपार पिवळी दिसली तर शंकेला जागा नाही.

पुढच्या खेपेला तीन आठवड्यांच्या वयाला छाती बघून निवड करा. नराची छाती सलग तांबूस, मादीची करड्या रंगावर काळ्या ठिपक्यांची. दोन ढीग आधी वेगळे करा आणि मग प्रत्येक ढिगातले हलके पक्षी काढा. फक्त पांढऱ्या पिसांच्या जातीत ही खूण मिळत नाही. तिथे सहा-सात आठवडे थांबून शेपटीखाली, गुदद्वाराच्या वरच्या बाजूला हलकं दाबून बघा. वयात आलेल्या नराला तिथे लालसर गाठ असते आणि पांढरा फेस येतो. उबवणीच्या अंड्यांसाठी दोन ते तीन माद्यांमागे एक नर ठेवा. त्याहून जास्त नर ठेवले तर ते माद्यांच्या डोक्याची कातडी टोचून सोलतात. नुसती खायची अंडी विकायची असतील तर नर अजिबात ठेवू नका, खाद्य वाचेल.